पडवीतला मुक्काम

रिठदच्या माणसाला डोंगर चढायचा तर आधी रात्रभर गाडीत बसावं लागतं. वाशीमहून रिसोडकडे, आमच्या रिठदला निघालं की दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर, मधेच बाभळी, एखादं माळरान आणि त्यावर पांगलेल्या बकऱ्या. रस्त्याला चढ आहे हे सायकलवाल्याला कळतं, मोटारसायकलवाल्याला कळतही नाही. आमच्याकडे माणूस वर जात नाही, खाली जातो. विहीर खोदतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली तो काळा पाषाण, ज्याच्यापुढे पहार बोथट होते आणि सुरुंगवाल्याला बोलवावं लागतं. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघितलं की कडे दिसतात ते एवढेच.

आता आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावजवळ समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पुढे रस्ता इगतपुरीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पार मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत गेला, आणि आमच्यासाठी सह्याद्री एका रात्रीवर आला. सोयाबीन विकून झालेलं, हरभरा उगवून वर आलेला, तुरीच्या सोंगणीला अवकाश. थंडीच्या त्या पंधरवड्यात शुक्रवारची रात्र धरून दोन-तीन दिवस मोकळे सापडतात. हरभऱ्याला पाणी द्यायची पाळी भावाच्या गळ्यात घालायची आणि निघायचं. आमच्या जथ्यात एक मास्तर, एक कृषी केंद्रवाला, एसटीतला वाहक, पंचायत समितीतल्या एक ताई, कॉलेजातली दोन पोरं, मी आणि साठी ओलांडलेले काका. काकांना डोंगराचा अनुभव शून्य. पण ते दिंडीबरोबर पंढरपूरला पायी जाऊन आलेले, त्यामुळे चालण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाहीत.

बेत रतनगडावरून हरिश्चंद्रगडाला जायचा होता. मास्तरांनी आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ कुठून तरी मिळवून वाटेचा कागद केला होता. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीत उतरलो तेव्हा उजाडत होतं. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर बघून काका म्हणाले, “हे तं आपल्या लोणारसारखंच हाय.” दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलेल्या डोळ्यांना ती नक्षी खरोखरच ओळखीची वाटते.

मग चढ. झाडीतली वाट, ओढा, पुन्हा झाडी आणि शेवटी कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या. पोरं वर पोचून फोटो काढत होती. काका एकेक पायरीला विठ्ठल म्हणत आले आणि वर आल्यावर कड्याच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, “गड्या, हा तं आपल्या इहिरीतला दगड!” त्यांचं बरोबर होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले, त्यातून दख्खनचं हे सगळं पठार झालं. पश्चिमेला ते थर जाड आणि उंच, आमच्याकडे पातळ होत गेलेले, इतकाच फरक. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, उभं राहिलं की अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई आणि दूरवर हरिश्चंद्रगड असा सारा मुलूख दिसतो. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. तोच काळा पाषाण इथे आभाळात गेला होता.

पाण्याचंही तेच. प्रवरा या रतनगडावर उगम पावते आणि पूर्वेला धावत प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. आमच्या शिवारातलं पाणी ओढ्या-नाल्यांनी पैनगंगेला जातं, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला. म्हणजे या कड्यावर पडलेला थेंब आणि रिठदच्या बांधावर पडलेला थेंब शेवटी एकाच नदीतून समुद्राला जातात. ताईंनी हे ऐकलं, गडावरच्या टाक्यातलं पाणी बाटलीत भरलं आणि म्हणाल्या, “मग हे आपलंच.”

पहिली रात्र गडावरच्या गुहेत काढली. कुणीतरी कधीतरी छिन्नीने खोदलेली ती खोली. छताला चुलीच्या धुराचा थर इतका जाड बसलेला, की बोट लावलं तर बोट काळं व्हावं. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल तयार, शेजारी आधीच्या मंडळींनी ठेवलेल्या वाळक्या काटक्या. आम्ही बसायच्या आधी काकांनी पंचा कमरेला बांधला, झुडपाची फांदी मोडून झाडू केला आणि गुहा झाडली. पोरांनी विचारलं, आपण तर सकाळी जाणार, मग झाडायची कशाला? काका बोलले नाहीत. दिंडीतला त्यांचा नेम आहे: मुक्कामाची जागा आधी झाडायची, निघतानाही झाडायची. सकाळी त्यांनी पोरांनाच काटक्या आणायला पाठवलं आणि आम्ही जाळल्या त्याहून मोठी मोळी कोपऱ्यात लावून ठेवली. पुढं कोण येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

परदेशातल्या डोंगरांत अशा मुक्कामासाठी रीतसर घरं बांधलेली असतात. स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली गिर्यारोहकांचा क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी ट्योडी शिखराच्या वाटेवर पहिली झोपडी उभी केली. आज त्या क्लबच्या दीडशेच्या आसपास झोपड्या आहेत. आधी जागा राखायची, बूट बाहेर काढायचे, रांगेतल्या बिछान्यावर झोपायचं. न्यूझीलंडच्या सरकारी खात्याकडे तर अशी नऊशेहून अधिक घरं आहेत. पुष्कळ ठिकाणी माणूस राखणीला नसतो; वहीत नाव लिहायचं आणि पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. काकांना यातलं काही माहीत नव्हतं आणि रीत मात्र तीच.

सह्याद्रीत अशा झोपड्या झाल्या नाहीत, याचं कारण दुसऱ्या दिवशी चालताना कळलं. आल्प्समध्ये वस्ती खाली संपते आणि बर्फाची चढण तिच्या पुष्कळ वर सुरू होते. मधे निवारा नसेल तर माणूस गारठून मरेल. आपला डोंगर भरलेला आहे. कात्राबाईच्या खिंडीत धापा टाकत पोचलो, आता अरण्यात आलो असं वाटलं, तोच पलीकडून घुंगरांचा आवाज आला आणि गुरांमागे एक पोरगा दिसला. त्याच्या पायात साधी चप्पल. आमच्या पायातल्या बुटांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. जिथे दोन-चार तासांवर चूल पेटलेली असते तिथे झोपडी कशाला बांधायची? रात्र पडली की माणसाकडे जायचं.

आम्ही कुमशेतला गेलो. महादेव कोळी आणि ठाकरांची वस्ती, मुळेच्या खोऱ्यात, चहूकडून कड्यांनी वेढलेली. मास्तरांनी वाटेत विचारत विचारत एका घराची पडवी ठरवली. घराच्या भिंती कारवीच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. दर सात वर्षांनी निळ्या-जांभळ्या फुलांनी डोंगर भरून टाकणारी कारवी, तीच वाळली की कूड होते. एका अंगाला माणसं, एका अंगाला गुरं, छप्पर एकच. घरातल्या मावशींनी तांब्या पुढे केला.

“कुठलं म्हनायचं तुमी?”

“वाशीमकडले, मावशी.”

“लई लांबून आलं,” म्हणून त्या आत वळल्या. त्यांना वाशीम ठाऊक असायचं कारण नव्हतं. लांबून आलेला माणूस भुकेला असतो एवढं ठाऊक होतं.

ताई चुलीपाशी गेल्या. ज्वारीची भाकरी त्यांच्या हाताखाली गोल फिरते, सासरी त्यांच्या भाकरीचं नाव आहे. इथे परातीत नाचणीचं पीठ. पहिली भाकरी थापता थापता कडेला चिरली, दुसरी तव्यावर टाकताना मोडली. मावशींनी काही न बोलता पीठ आपल्याकडे ओढलं, वाफाळतं पाणी घातलं, उलथन्याने हलवलं आणि हात भाजायच्या आत मळून गोळा ताईंच्या हातावर ठेवला. मग जमली. भाकरी, उडदाचं घुटं, लसणाचा ठेचा आणि जाड लाल तांदळाचा भात. आमच्याकडच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आम्ही पुढे केला. घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि डबा स्वतःजवळ ठेवून घेतला. ताईंना त्या दिवसात झालेला सगळ्यात मोठा आनंद हाच असावा.

रात्री भाताच्या पेंढ्यावर सतरंजी टाकून ओळीने झोपलो. कुडापलीकडे बैल रवंथ करत होते. मधूनच एखादा खोल श्वास सोडायचा आणि त्याची ऊब कारवीच्या फटींतून आमच्यापर्यंत यायची. मला झोप येईना. अंग दुखत होतंच, पण त्याहून एक वेगळीच अवघडलेली जाणीव होती. दिवसभराच्या कामानंतर त्या बाईंनी आठ माणसांच्या भाकऱ्या थापल्या होत्या, आणि आमच्या हातात नुसतं बसून जेवण्यापलीकडे काही नव्हतं.

आम्ही कायम दुसऱ्या बाजूची माणसं. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, अकोला, पातूर, मेडशी, शिरपूर करत रिसोडला येते आणि पुढे मराठवाड्यात उतरते. त्या दिवसांत आमच्या भागात पेरणीची घाई. तरी गावोगावची माणसं रस्त्याला जातात. कुणी चहा करतो, कुणी केळी वाटतो, कुणी वारकऱ्याच्या पायाला तेल लावतो. वाढणारे आम्ही, पाय दाबणारे आम्ही. आपण उदार आहोत असं त्यात सहज वाटू लागतं. पण पंगतीत बसलेल्याला काय करावं लागतं, हे वाढप्याला कुठून कळणार? पुढ्यात येईल ते खायचं, मागायचं नाही. दाखवतील तिथे अंग टाकायचं. पाणी लागेल तेवढंच घ्यायचं. डोंगरात हंडा कुणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो. रात्री मोठ्याने हसायचं नाही. पहाटे अंथरूण घडी करून जागेवर. काका हे सगळं न सांगता करत होते, आम्ही त्यांच्याकडे बघून शिकत होतो. देणं सोपं असतं, त्यात आपला मोठेपणा शाबूत राहतो; घेताना तो पडवीच्या बाहेर बुटांशेजारी काढून ठेवावा लागतो.

सकाळी पैशांची वेळ आली. जेवणाचा माणशी दर मावशींच्या मुलाने आदल्या दिवशीच सांगितला होता, ते पैसे त्याने मोजून घेतले. मास्तरांनी मुक्कामाचे वेगळे काढले तर मावशी आतूनच म्हणाल्या, “झोपायचे कसले पैशे?” हा हिशेब मला फार नेमका वाटला. भाकरीला पीठ लागतं, सरपण लागतं, राबणं लागतं. त्याचे पैसे घ्यायलाच हवेत, आणि शहरातल्या माणसांनी त्यात घासाघीस करू नये. त्या भागात आता घराघरांवर मुक्कामाच्या पाट्या लागल्यात, पोरं वाटाडे झालीत. चांगलंच झालं, नुसत्या पावसाळी भातावर वर्ष निघत नाही. पण छपराखालची जागा अजून विकायला निघालेली नाही, असं ती एक बाई तरी समजत होती.

पाचनईवरून हरिश्चंद्रगड चढायला सोपा. वर देऊळ, पुष्करणी, केदारेश्वराच्या लेण्यात छातीभर गार पाण्यातलं शिवलिंग आणि चारांपैकी एकाच खांबावर तोललेलं छत. चांगदेवांनी आपला ‘तत्त्वसार’ या गडावर लिहिला, म्हणजे इथला मुक्काम सातशे वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी कामी आला होता. कोकणकड्यावर जत्रा होती. तंबूंच्या रांगा, स्पीकर, भांड्यांचे ढीग. कडा मात्र कुणाला दाद देत नव्हता. हजारो फूट खाली कोकण धुक्यात. आमच्या पोरांना आधी त्या तंबूंचा हेवा वाटला होता. तासाभराने त्यांतलाच एक म्हणाला, “इथं कुणी कुणाला पाणीबी नाही विचारलं.” उतरताना याच्यावर बरीच चर्चा झाली.

त्या चर्चेतून निघालेला बेत असा. पुढच्या थंडीत रिठदहून लोणारला पायी जायचं. डोंगर नाही, पण उलटा डोंगर आहे: उल्केने त्याच काळ्या दगडात पाडलेलं, पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आणि तळाशी खारं पाणी. रिसोडवरून गेलं तर रमतगमत दोन-अडीच दिवसांची चाल, मधे मुक्काम गावांत. पोरांनी तंबू भाड्याने आणायची गोष्ट काढली, तर काका म्हणाले, “गावं हायेत ना वाटंवर.” यावर ताईंनी जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता: मारुतीच्या पारावर तुम्ही झोपाल, बाया कुठं झोपतील, आणि पहाटे कुठं जातील? मग यादी नव्याने झाली. कोणत्या गावात शाळेची खोली मिळेल, किल्ली कुणाकडे असते, कुठल्या घरी आपली लेक दिलेली आहे.

वाद उरलाय तो एवढाच, की आधी कळवायचं की नाही. काकांच्या मते दिंडी काही फोन करून येत नाही. ताई म्हणतात, दिंडीची तिथी पंचांगात असते, आपली नसते. आणि चुलीपुढे जी बसणार तिला विचारायला नको का? आम्ही ताईंचं ऐकणार आहोत. अर्ध्या रात्री पीठ मळायला बसवलेली बाई तोंडावर काही बोलत नाही म्हणून तिला आनंदच झालाय असं आजवर आपण धरून चाललो. निदान या वेळी आदल्या दिवशी दळण करून ठेवायला तिला सवड मिळेल, आणि नको असेल तर नाही म्हणायलाही.