गाडीच्या काचेला फिल्म लावावी का?

"डॉक्टर, एक चिठ्ठी द्या ना. पेशंटला काळ्या काचांची गरज आहे, एवढंच लिहा. पोलिसांनी अडवलं तर दाखवता येईल."

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या एका पेशंट ताईंनी ही मागणी केली. त्यांना ल्युपस आहे. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते, आणि बऱ्याच पेशंटना उन्हाचं निमित्त पुरतं. चेहऱ्यावर लाल पुरळ येते, सांधे धरतात, थकवा वाढतो. ताई नोकरीसाठी रोज सिन्नरहून नाशिकला स्वतः गाडी चालवत येतात. त्यांचा उजवा गाल आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत लाल झालेला होता, डावी बाजू जवळजवळ स्वच्छ. रस्त्याची दिशा डोळ्यांसमोर आणली तेव्हा उलगडा झाला. सकाळी नाशिककडे येताना ऊन ड्रायव्हरच्या उजव्या खिडकीतून येतं, आणि संध्याकाळी सिन्नरकडे परततानाही उजवीकडूनच.

मी चिठ्ठी दिली नाही. ताई जरा नाराज झाल्या. आता कबूल करतो, त्या वेळी दवाखान्याखाली माझी स्वतःची गाडी उभी होती आणि तिच्या चारही दारांच्या काचांना काळी फिल्म होती.

ती कशी लावली तेही सांगतो. नवी गाडी, नाशिकचा उन्हाळा, मुलाचा आग्रह. दुकानातल्या मुलाने फिल्म लावलेल्या काचेमागे दिवा पेटवला आणि म्हणाला, "सर, हात ठेवून बघा." हाताला खरंच गरम लागेना. मी लगेच पैसे दिले. एमडी झालेल्या माणसाला तेव्हा सुचायला हवं होतं की हाताला जाणवते ती उष्णता, म्हणजे मुख्यतः अवरक्त किरण. त्वचा बिघडवणारे अतिनील किरण, ज्यांना आपण यूव्ही म्हणतो, ते ना डोळ्यांना दिसतात ना हाताला जाणवतात. दिव्याच्या त्या खेळातून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही.

काचेचा काळेपणा आणि यूव्हीपासून संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळेपणा दिसणारा प्रकाश अडवतो. जवळजवळ पारदर्शक फिल्मसुद्धा ९९ टक्के यूव्ही अडवू शकते, आणि एखादी स्वस्त काळीकुट्ट फिल्म त्याहून कमी.

मुळात गाडीच्या सगळ्या काचा सारख्या नसतात. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, त्यामुळे ती यूव्ही चांगलं अडवते. दारांच्या काचा सहसा साध्या कडक काचेच्या असतात. त्या त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण रोखतात, पण खोलवर जाणारे यूव्हीए किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडतात. २०१६ साली अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञाने २९ गाड्यांच्या काचा मोजल्या. पुढची काच सरासरी ९६ टक्के यूव्हीए अडवत होती, बाजूची सरासरी ७१ टक्के, आणि एका गाडीत तर फक्त ४४. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो आला होता. चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्या मानाने कितीतरी तरुण. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवा गाल तपासायचा.

(जाता जाता: गाडीत ऊन लागतं म्हणून व्हिटॅमिन डी मिळत असेल, असं समजू नका. ते तयार करणारं यूव्हीबीच काच अडवते.)

आता माझ्या फिल्मचं पुढे काय झालं ते. जुलैमधली रात्र, साडेआठ वाजलेले, गंगापूर रोडला भुरभुर पाऊस. डावीकडच्या गल्लीत वळत होतो. डाव्या काचेत मला फक्त अंधार दिसला. त्या अंधारात एक वयस्कर गृहस्थ सायकल हातात धरून चालत होते. ब्रेक लागला तेव्हा गाडी आणि सायकल यांत वीतभर अंतर होतं. त्यांनी वाकून माझ्या काचेतून आत बघायचा प्रयत्न केला. त्यांना मी दिसत नव्हतो. मी काच खाली केली, माफी मागितली. ते काही न बोलता पुढे गेले. घरी जाईपर्यंत माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला. दुकानदार म्हणाला होता, "पन्नास टक्केवाली आहे, नियमात बसते." नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पण हा आकडा काच आणि फिल्म मिळून. समजा कारखान्यातून आलेली काच ७५ टक्के प्रकाश सोडते. त्यावर ५० टक्क्यांची फिल्म चढवली की उरतात साडेसदतीस. त्यातून माझं वय चोपन्न. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि मी त्याच वाटेवर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदूची सुरुवात असल्याचंही सांगितलं. पेशंटना हे सगळं मी वर्षानुवर्षं समजावत आलोय. फिल्म त्याच आठवड्यात काढली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर कुठलीही काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. टक्केवारीची सबबही चालणार नव्हती. १ एप्रिल २०२१ पासून बदललेल्या नियमांत प्रमाणित 'सेफ्टी ग्लेझिंग'ला जागा मिळाली, आणि त्या आधारे २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असं म्हटलं. लावायच्या आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या. डॉक्टरच्या चिठ्ठीने काळी काच नियमात बसत नाही, आणि ताईंना तर काळ्या काचेची गरजच नव्हती.

त्यांना मी आधी सुचवलं ते फिल्मपेक्षा स्वस्त होतं. घट्ट विणीच्या कापडाच्या पूर्ण बाह्या, निघण्याआधी वीस मिनिटं एसपीएफ ५० चं यूव्हीए अडवणारं सनस्क्रीन, परतताना पुन्हा एकदा, आणि खिडकी बंद. उघड्या खिडकीतून तर यूव्हीबीही आत येतं. ल्युपसची औषधं अर्थातच चालू. आरटीओत चौकशी करून त्यांनी नंतर मर्यादेत बसणारी, यूव्ही अडवणारी पारदर्शक फिल्मही लावली.

ल्युपस नसलेल्यांनीही एक करा. डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबाच्या गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, या औषधांनी त्वचा उन्हाला हळवी होते. गाडी चालवून उजवा हात लाल होत असेल तर गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका.

ताई दिवाळीनंतर आल्या तेव्हा गाल निवळला होता, मनगटाजवळ थोडी पुरळ बाकी होती. जाताना त्यांनी खिडकीतून खाली माझ्या गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या काचा तर काळ्या होत्या ना?"