भाग चांगले, जोड चुकले

घरात एक छोटा सर्व्हर असावा, चार हार्ड डिस्कचा, सगळ्या संगणकांना आणि फोनना जोडलेला, असं मला वाटू लागलं ते आत्याच्या कॅसेटमुळे. तिला जात्यावरच्या ओव्या तिच्या आजीकडून आलेल्या. १९८०च्या दशकात काकांनी त्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवल्या होत्या. पुढे कॅसेटना बुरशी लागायला लागली तेव्हा चुलत भावाने त्या संगणकावर उतरवल्या. त्यांच्या जोडीला वडिलांच्या निगेटिव्हचे स्कॅन, जमिनीचे जुने फेरफार, लग्नांचे व्हिडिओ. हे सगळं दोन पोर्टेबल डिस्क आणि एका लॅपटॉपवर विखुरलेलं होतं, आणि कुठली प्रत ताजी हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. या कामासाठी तयार मिळणाऱ्या नॅस पेटीची किंमत ऐकल्यावर सुटे भाग आणून स्वतः जोडायचं ठरवलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चुकलं ते भाग निवडण्यात. प्रत्येक भाग मी एकटा धरून पारखला, त्याची किंमत पाहिली, लोकांचे अभिप्राय वाचले. तो शेजारच्या भागाशी कसा जुळेल हे पाहिलंच नाही.

सुरुवात मोजमापाने व्हायला हवी होती. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचा एक तास साधारण २ जीबी जागा घेतो. शंभर तासांच्या ओव्या असत्या तरी २०० जीबीत मावल्या असत्या. हा हिशेब न करताच मी आधी प्रोसेसर घेतला, आठ कोअरचा, कारण दुकानाच्या यादीत पहिली ओळ त्याचीच असते. फायली देण्याघेण्याला एवढा प्रोसेसर लागत नाही. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास डेटा जातो, तेवढं काम साधा प्रोसेसरही सहज करतो. शिवाय मी घेतलेल्या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोय नव्हती, म्हणून ग्राफिक कार्ड आलं. यंत्र चोवीस तास चालणार असेल तर सतत खर्च होणारे ४० वॅट वर्षाला ३५० युनिट होतात आणि १०० वॅट ८७६. घरच्या सर्व्हरची खरी किंमत विजेच्या बिलात असते, हे मला खरेदीच्या दिवशी कळायला हवं होतं.

एवढं करूनही पहिली मोठी कॉपी रखडली. कारण भिंतीत होतं. घराचं वायरिंग होताना नेटवर्कच्या केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडल्या गेल्या होत्या. चार तारांवर जोडणी १०० मेगाबिटवर थांबते. २ टीबी डेटा गिगाबिटवर पाच तासांत जातो, तोच तिथे दोन दिवस घेतो. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसवले आणि प्रश्न मिटला.

रॅमचं प्रकरण अधिक महाग पडलं. मला ईसीसी रॅम हवी होती, आणि ती का हवी याबद्दल माझं मत अजूनही पक्कं आहे. साठवायची फाइल आधी रॅममध्ये येते. तिथे एखादा बिट उलटला तर चूक जशीच्या तशी डिस्कवर लिहिली जाते आणि पुढच्या सगळ्या प्रतींमध्ये शिरते. ईसीसीमध्ये दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा असतात. एका बिटाची चूक त्यातून दुरुस्त होते, दोन बिटांची निदान पकडली जाते. लॅमिंग्टन रोडवर सर्व्हरमधून काढलेली ईसीसी रॅम फार स्वस्तात मिळाली. घरी येऊन मदरबोर्डवर बसवली, व्यवस्थित बसली, आणि पडदा काळाच राहिला. ती रॅम रजिस्टर्ड प्रकारची होती. या प्रकारात प्रोसेसर आणि मेमरीच्या मध्ये आणखी एक चिप असते आणि तिच्याशी फक्त सर्व्हर वर्गातले प्रोसेसर बोलू शकतात. डीडीआर४ मध्ये दोन्ही प्रकारांना २८८ पिना आणि खाच एकाच जागी, त्यामुळे हाताला काहीच कळत नाही. दुकानदाराने परत घेतली नाही, आणि त्याचं बरोबर होतं. मी ईसीसी मागितली, त्याने ईसीसी दिली. मला हवी होती ती अनबफर्ड ईसीसी. तीसुद्धा बोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच घ्यावी, कारण काही बोर्ड ती रॅम स्वीकारतात पण दुरुस्तीचं काम बंद ठेवून चालवतात.

मॅन्युअल मी तेव्हाही नीट वाचलं नव्हतं. बोर्डवर चार साटा पोर्ट, माझ्याकडे चार डिस्क, आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एम.२ खाचेत एक छोटी एसएसडी. सुरू केल्यावर दोनच डिस्क दिसल्या. मी एसएसडी ज्या खाचेत बसवली तिथे काही असलं की दोन साटा पोर्ट बंद होतात, अशी एक ओळ मॅन्युअलच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात होती. मग जादा पोर्टचं कार्ड घ्यावं म्हटलं, तर त्यासाठी लागणारा मोठा स्लॉट ग्राफिक कार्डाने अडवलेला. प्रोसेसर निवडताना घेतलेला निर्णय इथे येऊन आडवा आला. शेवटी तो प्रोसेसर विकला, डिस्प्ले असलेला, कमी कोअरचा घेतला, आणि मोकळ्या झालेल्या स्लॉटमध्ये कार्ड बसवलं.

डिस्कबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळा डेटा शेवटी तिच्यावर राहतो. हार्ड डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र असतो. एसएमआरमध्ये कौलांसारखा एक ट्रॅक दुसऱ्यावर थोडा चढवलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात, तसा एसएमआरमध्ये थोडा बदल करायलाही पूर्ण पट्टा पुन्हा लिहावा लागतो. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क आलेलं लिखाण आधी एका वेगळ्या राखीव जागेत घेते आणि सवडीने मांडते. ती जागा भरली की वेग कोसळतो. २०२० मध्ये जगभर आरडाओरडा झाला तो याच कारणाने: नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. हे सगळं छापून आल्यानंतर मी खरेदी केली, आणि तरी मॉडेल क्रमांक तपासला नाही. चारांपैकी एक डिस्क खराब सेक्टर दाखवू लागली. मी बदली डिस्क आणली, ती एसएमआर निघाली. डिस्क सांभाळणाऱ्या झेडएफएस या फाइल प्रणालीने तिच्यावर डेटा पुन्हा भरायला घेतला, आणि थोड्या वेळाने ती इतकी मंदावली की प्रणालीने तिला निकामी समजून बाहेर काढलं. तेवढा काळ उरलेल्या तीन डिस्क कुठल्याही आधाराविना चालत होत्या. सीएमआर डिस्क आणल्यावर तेच काम एका रात्रीत झालं.

आणि आता सगळ्यात मोठी चूक: डिस्कला वीज देणारी एक केबल.

यंत्राला वीज पुरवणारा जुना एसएमपीएस आवाज करायला लागला म्हणून मी चांगल्या प्रतीचा नवा घेतला. दोन्ही मॉड्युलर होते, म्हणजे केबली एसएमपीएसच्या बाजूनेही सुटणाऱ्या. खालच्या दोन डिस्कची जुनी केबल कॅबिनेटच्या मागून छान बांधून नेली होती. ती उपसायची कशाला, असा विचार करून मी तिचं दुसरं टोक नव्या एसएमपीएसमध्ये घातलं. खाच बरोबर बसली. बटण दाबलं, जळका वास आला, आणि दोन डिस्क गेल्या. डिस्कच्या बाजूचा साटा पॉवर कनेक्टर जगभर सारखा असतो. एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनेवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनेवर १२, याचं एकसारखं प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते बदलू शकतं. माझ्या डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट गेले होते.

चार डिस्कच्या रेड-झेड१ रचनेत एक डिस्क गेली तर डेटा राहतो, दोन गेल्या तर सगळं जातं. त्या संध्याकाळी आत्याचा आवाज कुठल्या प्रतीत शिल्लक आहे हे मी शोधत बसले होते, आणि मला ते ठाम सांगता येत नव्हतं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी वाचलं होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. नवी व्यवस्था बसली म्हणून पोर्टेबल डिस्कवरच्या प्रती मात्र पुसून टाकल्या होत्या.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने डिस्क उघडली नाही. त्याने त्याच मॉडेलचं सर्किट बोर्ड मिळवलं आणि जळलेल्या बोर्डावरची एक छोटी रॉम चिप काढून त्यावर चढवली. त्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणीची माहिती असते. नुसतं बोर्ड बदलून डिस्क चालत नाही. दोनपैकी एक डिस्क परत फिरली. एवढं पुरेसं होतं. तीन डिस्कवर पूल, म्हणजे चार डिस्क मिळून झालेला साठा, उघडला आणि मी पहिल्यांदा ओव्यांचा फोल्डर बाहेर काढला, मग स्कॅन, मग बाकीचं.

आता एक प्रत सर्व्हरवर असते, एक घरातच कपाटातल्या डिस्कवर आणि एक नाशिकला भावाकडे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम हाच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आज कुणी मला यादी दाखवली तर मी प्रोसेसरच्या ओळीवर थांबत नाही. बोर्डचं मॅन्युअल उतरवून घेतलंय का, डिस्कचा मॉडेल क्रमांक सीएमआरचा आहे का, दुसरी प्रत कुठे राहणार, एवढं विचारते. दुसऱ्या प्रतीचे पैसे नसतील तर चारऐवजी दोन डिस्कचा सर्व्हर करा आणि उरलेल्या पैशांत बाहेर ठेवायची डिस्क घ्या, असं सांगते.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या खणात जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबली पडलेल्या असतील, तर प्रत्येकीला तिच्या मॉडेलचं नाव लिहून चिठ्ठी बांधा. कुठली कुणाची हे आठवत नसेल तर मल्टीमीटरने तपासल्याशिवाय ती डिस्कला लावू नका. मल्टीमीटर नसेल तर ती ई-कचऱ्यात द्या.