राखीव

लातूर आणि नांदेड ही दोन गावे माझ्या आयुष्यात नेहमी एस.टी.च्या अंतराने जोडलेली राहिली. शिकलो नांदेडला, शिकवले लातूरला. मधले तास खिडकीशी बसून काढले. म्हणून लहान खासगी विमाने चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या मे महिन्यात घरी आला, तेव्हा मी सहज विचारले, "नांदेडहून लातूरला यायला तुझ्या विमानाला तेल किती लागते रे?"

तो हसला. "सर, लागते किती हे सोपे आहे. घ्यायचे किती, हे अवघड."

मग त्याने हिशेब मांडला. हवेतून अंतर सुमारे ११५ किलोमीटर. त्याच्या टर्बोप्रॉपला चढण्या-उतरण्यासह पंचवीस मिनिटे. पण लातूरला उतरता आलेच नाही, तर परत नांदेड गाठायचे, आणखी पंचवीस. वाऱ्यापावसासाठी थोडे वेगळे. आणि या सर्वांखाली तीस मिनिटांचे अंतिम राखीव इंधन, ज्याला आखणीत हातच लावायचा नसतो. ते मोडूनच उतरावे लागेल असे दिसले, तर 'मेडे फ्युएल' अशी हाक द्यावी लागते. म्हणजे पंचवीस मिनिटांच्या प्रवासाला सव्वा तासाहून अधिक इंधन! प्रवास जितका लहान, तितका त्यात 'न घडावे' अशाचा वाटा मोठा.

"मग टाकी भरूनच निघावे," मी म्हणालो. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना भरलेल्या भांड्याचा फार विश्वास.

पण इंधनाला वजन असते. शंभर लिटर म्हणजे सुमारे ऐंशी किलो, म्हणजे एक माणूस. लहान विमानात सगळ्या खुर्च्या आणि पूर्ण टाकी ही दोन्ही सुखे बहुधा एकत्र मिळत नाहीत. त्यातून आपला मे महिना. तापलेली हवा विरळ होते. पंखांचा आधार आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात. २५ मे २०१७ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच विजेच्या तारांत अडकून कोसळले. सुदैवाने आतले सगळे बचावले. त्याचे कारण इंधन होते असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण उन्हाळ्यातल्या उड्डाणाला मोकळीक किती थोडी असते, हे त्या दिवशी आम्ही सर्वांनी पाहिले.

या हिशेबात भाषांतराचाही प्रश्न आहे, आणि तो साहित्याच्या माणसाला रुचावा. इंधन लिटरमध्ये भरतात, त्याचे ओझे किलोत मोजतात आणि वैमानिक ते मिनिटांत जगतो. १९८३ साली कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. चुकीच्या गुणकामुळे ते २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी भरले गेले. इंजिने हवेतच बंद पडली आणि विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवावे लागले. आकडा बरोबर होता, फक्त अर्थ चुकला होता.

उठता उठता त्याने एक गोष्ट सांगितली. इंधनाची सोय नसलेल्या एका धावपट्टीवर तो परतीचे इंधन घेऊन उतरला होता. निघताना एक माणूस वाढला. "थोडे तेल काढून टाका," असा आग्रह झाला. त्याने माणसाला मोटारीने पाठवले, तेल ठेवले. त्यानंतर बरेच दिवस त्याला त्या लोकांचे बोलावणे आले नाही.

तो गेला आणि मला २०१६चा एप्रिल आठवला. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तो महिना. आमच्या घरात पिंप, बादल्या, घागरी, पातेलीसुद्धा भरलेली होती. एका दुपारी शेजारच्या आजी रिकामी घागर घेऊन दारात आल्या. मी म्हणालो, "आमच्याकडेही नाही हो." मागच्या न्हाणीत पिंप काठोकाठ होते. मीही राखीवच धरून बसलो होतो. आजी काही बोलल्या नाहीत. घागर कडेवर घेऊन पुढच्या दाराशी गेल्या.

त्या पिंपातल्या पाण्यात पुढे अळ्या झाल्या. मी ते अंगणात ओतले.

माझ्या विद्यार्थ्याचेही राखीव इंधन बहुतेक वेळा वापरले जात नाही. तेच त्याचे यश. पण किती लागेल, कोणासाठी आणि किती वेळ, हे तो निघण्यापूर्वी कागदावर लिहितो, आणि त्यापलीकडचे प्रत्येक लिटर त्याला ओझे म्हणून मोजावे लागते. मी असा कागद कधी लिहिलाच नव्हता. लिहिला असता, तर त्या पिंपात एका घागरीला जागा निघाली असती.