हात दिसत नाही तिथे

'स्पा' हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव. तिथे खनिजयुक्त पाण्याचे झरे आहेत. लोक शतकानुशतकं ते पाणी प्यायला नि त्यात डुंबायला जात राहिले, आणि गावाचं नाव जगभरच्या अशा ठिकाणांना चिकटलं. पुष्कळ स्पांच्या वेबसाइटवर मात्र वेगळीच कथा असते : 'सानितास पेर आक्वाम', म्हणजे पाण्यातून आरोग्य, या लॅटिन शब्दांची ही म्हणे आद्याक्षरं. ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली आहे. दिसायला छान, पण खरी नव्हे. गेले दोन महिने मी अशा वेबसाइटी इतक्या वाचल्यात की दिसायला छान पण खरं नाही, असं काही आलं की आता लगेच वास येतो.

वाचायचं कारण माझी मावशी. गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात अकरा वर्षं मालिश करून ती बेळगावला परत आली नि टिळकवाडीत तीन खोल्यांचा स्पा काढला. फक्त बायकांसाठी. बँकेचं कर्ज, हाताखाली दोन मुली. जागा शोधताना 'स्पा' शब्द ऐकून दोन घरमालकांनी चहासुद्धा अर्धा ठेवला होता. का, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे हा शब्द पेपरात कुठल्या बातम्यांत येतो ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यात एका जाहिरातींच्या यादीत तिचा मोबाइल नंबर 'मसाज' या सदराखाली गेला. रात्री साडेअकराला फोन. पलीकडून पुरुषाचा आवाज, आणि प्रश्न काय असायचा ते मी इथे लिहीत नाही. शेवटी मावशीने अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. मग ज्यांना खरंच यायचं होतं त्या बायकांचेही फोन वाया जायला लागले. म्हणजे वेबसाइट हौसेची नव्हती. योग्य माणसाला दार दाखवायचं आणि नको त्याला दारातूनच परतवायचं, ही दोन्ही कामं तिला करायची होती. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात 'लिटरेचरवाली' मीच.

वेबसाइट करणाऱ्या मुलाने पहिला नमुना आणला तो अगदी तुमच्या डोळ्यांसमोर येईल तसाच. उघडल्या उघडल्या व्हिडिओ, त्यात मेणबत्त्या, काळे गुळगुळीत दगड, आणि कानामागे फूल खोचून डोळे मिटून पडलेली एक गोरी बाई. मावशीने चष्मा वर केला. "ही आपल्याकडं कधी आलती गं?"

तिच्या त्या प्रश्नाने निम्मं काम झालं असं मी म्हणेन. विकत घेतलेल्या फोटोत काहीच खोटं नसतं, पण त्यातलं आपलंही काही नसतं. शिवाय तो व्हिडिओ जड. पानावरची सर्वांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी असा गूगलचा मापदंड आहे, आणि मावशीच्या फोनवर तेवढ्या वेळात नुसतं गोल गोल फिरत होतं. मजकूर फिक्कट राखाडी रंगात, पांढऱ्यावर. शांत वाटावं म्हणून. वाचता येण्यासाठी अक्षर नि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान साडेचारास एक असावा असा संकेत आहे. चाळिशीच्या पुढच्या बाईला तो राखाडी मजकूर वाचायला आधी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा लागला असता.

मग आम्ही आपले फोटो काढले. पण तिथे वेगळीच अडचण. दोन्ही मुलींच्या घरी गावाकडे 'पार्लरमध्ये कामाला आहे' एवढंच सांगितलेलं. चेहरा नको, म्हणाल्या. मावशीने एका शब्दाने आग्रह केला नाही. म्हणून आमच्या वेबसाइटवर हात आहेत. तेल ओतणारे, टॉवेल घडी घालणारे. स्वच्छ चादर घातलेलं टेबल आहे. आणि खोलीच्या दाराच्या आतल्या कडीचा फोटो आहे. तो मावशीच्या हट्टाने घातला. "फोनवर पहिला प्रश्न तोच की. दार आतनं लागतंय का?" मुलगा म्हणाला, कडीचा फोटो कुठल्याच स्पाच्या साइटवर नसतो. मावशी म्हणाली, मग बघ.

सर्वांत वर, कुठेही बोट न सरकवता दिसेल असं : 'फक्त महिलांसाठी'. त्याखाली पत्ता, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात, आणि वेळ ठरवण्याचं बटण. मावशीचा खाजगी नंबर कुठेच नाही. दुकानाचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप नंबर, जो सातनंतर आपोआप 'उद्या दहाला कळवतो' एवढंच म्हणतो. नाव, पत्ता, वेळ गूगलच्या नकाशावर आहे तेच इथेही, अक्षर न अक्षर. दरही उघड लिहिले. यावर वाद झाला. मुलाचं म्हणणं, दर लपवले की लोक फोन तरी करतात. मावशी म्हणाली, "किती पैशे हे विचारायला ज्या बाईला लाज वाटती, ती फोन करत न्हाई, येतबी न्हाई." साठ मिनिटांचं अभ्यंग बाराशे रुपये. लिहून टाकलं.

'अभ्यंग' शब्दावर मीच अडले होते. आमच्या शेजारणींना तो दिवाळीच्या पहाटेचा. मला तो चर्चमधला, आजाऱ्याच्या कपाळाला नि तळहातांना तेल लावतात तेव्हाचा. आजीला लावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. विकायच्या वस्तूच्या यादीत तो शब्द, समोर किंमत, हे मला जरा टोचत होतं. मावशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तेल लावणं ते तेल लावणंच, आणि आजीचे पाय शेवटचे सहा महिने रोज कोण चोळत होतं? मी होती नव्हती ती तक्रार गिळली. शब्द राहिला, पण खाली सोप्या भाषेत : 'कोमट तिळाच्या तेलाने सर्वांगाला मालिश'.

आजार बरे करतो असं मात्र एकही वाक्य नाही. मधुमेहासारखे रोग बरे करण्याच्या औषधी दाव्यांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा वेबसाइटी सर्रास 'विषारी द्रव्यं बाहेर काढतो' म्हणत असतात. आम्ही उलट यादी दिली : ताप असेल, पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर येऊ नका, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. गिऱ्हाइकाला येऊ नका सांगणारं ते पान मला सगळ्यात आवडतं.

आता भाषा. बेळगावात इथेच खरी कसरत. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. पाटी तशी झालीच आहे. वेबसाइटवर एका वेळी एकच भाषा दिसते, जागा वाटावी लागत नाही, पण बटणं तर हवीत. मुलगा सहज म्हणाला, प्रत्येक भाषेपुढे छोटा झेंडा टाकू, सगळे टाकतात. बेळगावात! भाषेच्या बटणावर झेंडा! मावशी एवढी हसली की बशीतला चहा सांडला. शेवटी प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत, बस्स. फोन ज्या भाषेत असेल ते पान आधी उघडतं, म्हणजे पहिलं कोण हा प्रश्न आम्ही गिऱ्हाइकाच्या खिशात ढकलला. पानाच्या आत भाषेची खूण मराठी अशी केली, तर काही फॉण्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. हे कळलं त्या दिवशी मी उगाचच दहा वेळा 'तेल' टाइप करून पाहिलं.

पण माझे तीन दिवस गेले ते एका वाक्यात. प्रत्येक बाईच्या मनात असतो नि कोणी विचारत नाही तो प्रश्न : कपडे किती काढायचे? इंग्रजीत ते वाक्य पाच मिनिटांत झालं. इंग्रजीला याची सवय आहे. मराठीत 'विवस्त्र' लिहिलं तर कोर्टातल्या साक्षीसारखं. 'कपडे काढा' म्हणजे हुकूम. 'वस्त्रे उतरवून' म्हणजे पौराणिक नाटक. आपल्या भाषेत शरीराबद्दल बोलायचं तर एकीकडे संस्कृत, दुसरीकडे शिवी, आणि मधला रस्ता अरुंद. पण मावशी रोज वीस वर्षांच्या मुलीशी नि साठीच्या बाईशी हेच बोलते, आणि कोणी दचकत नाही. मी एक दिवस पडद्याबाहेर स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले. तिच्या तोंडचंच उतरवलं, थोडं सरळ केलं :

'तुम्हाला जेवढं सोयीचं वाटेल तेवढंच. बदलायला स्वतंत्र खोली आहे. अंगावर पूर्ण वेळ चादर असते. ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच उघडा करतो, झालं की पुन्हा झाकतो. मध्येच थांबावंसं वाटलं तर नुसतं "नको" म्हणा. कारण विचारणार नाही.'

शेवटची दोन वाक्यं मावशीची जशीच्या तशी.

वेबसाइट सुरू होऊन तीन आठवडे झालेत. रात्रीचे फोन थांबलेत, कारण नंबरच नाही. आलेल्या अर्जांपैकी एकात 'आणखी काही सांगायचं आहे?' या चौकटीत एका बाईंनी लिहिलंय की पोटावर सिझेरियनचा व्रण आहे, तिथे हात लावू नये. दुसरीने लिहिलंय, आईला घेऊन येते, तिने असं कधी केलेलं नाही. मावशीने दोन्ही चिठ्ठीवर उतरवून त्या त्या दिवसाच्या पानाला टाचून ठेवलंय. कन्नड पान अजून अर्धंच आहे. ते माझ्या वर्गाशेजारच्या कन्नड विभागातली मैत्रीण करतेय. काल कँटीनमध्ये भेटली तर वैतागलेली. बाकी सगळं झालं म्हणाली, कपड्यांच्या वाक्याशी अडलेय. तिलाही स्टुलावर बसायला बोलावलंय शनिवारी.