पाण्यावरचे विमान आणि आमचे लातूर

परदेशात काय पाहिले म्हणून लातूरकराला विचारा, तो आधी तिथले पाणी सांगेल. मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा माझेही तसेच झाले. साउदॅम्प्टनच्या 'सोलेंट स्काय' संग्रहालयात एका विमानापुढे मी थबकलो. खाली होडीचे पोट, वर पंख आणि नाकाच्या जागी हवा ओढणारे मोठे तोंड!

सॉन्डर्स-रो कंपनीचे हे 'एस. आर. ए. वन'. पॅसिफिकच्या बेटांवर धावपट्टी कुठली? मग समुद्रावरूनच उडावे, या कल्पनेतून जन्मलेले हे दोन जेट इंजिनांचे लढाऊ विमान. पंखांखालचे तराफे पाण्यावर तोल सांभाळत आणि उडाल्यावर मिटून घेतले जात. पण १६ जुलै १९४७ रोजी ते प्रथम उडाले, तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे होत आली होती. एकूण तीनच विमाने बनली. त्यांतली दोन १९४९ साली अपघातांत गेली. एक तर पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूला धडकून उलटले. उरलेले तिसरे माझ्यापुढे उभे होते. युद्धाने जागोजाग पक्क्या धावपट्ट्या करून ठेवल्या होत्या. होडीचे पोट घेऊन उडणाऱ्याची गरज कुणाला?

आणि मला आमचे लातूर आठवले. आमच्याकडे धावपट्टी आहे, पाण्याचेच वांधे! २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. आई भांडी विसळलेले पाणीसुद्धा तुळशीसाठी राखून ठेवी.

घरी परतल्यावर आईला सारे रंगवून सांगितले. रशियातल्या तागानरोगच्या 'अल्बाट्रॉस'चेही सांगितले. पाणबुड्या शोधण्यासाठी बनवलेले, पाण्यावर नि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे हे प्रचंड जेट विमान १९८६ साली उडाले, पण त्याचे कारखान्यातून उत्पादन काही झाले नाही. त्याच्याच घडणीवरून बेतलेले धाकटे भावंड 'बी-२००' मात्र जलाशयावरून सरपटत जाता जाता बारा टन पाणी पोटात भरून घेते आणि पेटलेल्या रानावर ओतते.

"बारा टन? म्हणजे आपल्या टँकरएवढं?"

"हो, आई. तेही काही सेकंदांत!"

तिने वातीचा कापूस बाजूला ठेवला.

"पण तळं आधी भरलेलं असावं लागतंय की रे, बाबा!"

इतकी इंजिने पाहून आलो, पण यावर मला उत्तर सुचले नाही.