दोन माणसं, तेरा गाणी आणि एक बुडालेली कंपनी

गेले तीन आठवडे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी एकच अल्बम ऐकतोय. हिंजवडीचं ट्रॅफिक म्हटल्यावर तो किती वेळा ऐकून झाला असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल :) अल्बमचं नाव जरा लांबलचक आहे, 'मॉस डेफ अँड तालिब क्वेली आर ब्लॅक स्टार'. साल १९९८. म्हणजे आमच्या टीममधल्या ज्या पोराने मला तो सुचवला, त्याच्या जन्माच्याही आधीचा. "सर, शब्द नीट ऐका, बीटवर जाऊ नका," एवढंच तो म्हणाला होता. मी दोन्हीवर गेलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९९६ मध्ये तुपाक शकूरवर लास व्हेगासमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सहा महिन्यांत, मार्च १९९७ मध्ये, नोटोरियस बी.आय.जी. लॉस एंजलिसमध्ये मारला गेला. दोघंही गाडीत बसलेले असताना. एक २५ वर्षांचा, दुसरा २४. त्यानंतर अमेरिकेतलं रॅप शहाणं वगैरे झालं का? छे! ते चकचकीत झालं. सूट, शॅम्पेन, गाड्या, पैसा. आपल्यापैकी बऱ्याच जणांना केबल टीव्हीवर जे रॅप पहिल्यांदा दिसलं ते हेच.

अशा दिवसांत ब्रुकलिनमधली दोन पोरं एकत्र आली. मॉस डेफ २४ वर्षांचा, तालिब क्वेली २२ चा. आपल्याकडे या वयात लोक पहिल्या नोकरीतल्या बेंचवर बसून प्रोजेक्टची वाट बघत असतात. क्वेलीची आई इंग्रजीची प्राध्यापिका. तो स्वतः ब्रुकलिनमध्ये 'न्किरू बुक्स' नावाच्या, कृष्णवर्णीय मालकांच्या पुस्तकाच्या दुकानात काम करायचा. पुढे या दोघांनी मिळून ते दुकान विकतच घेतलं! रॅपरने पैसे आल्यावर काय घ्यावं याच्या आपल्या डोक्यातल्या यादीत पुस्तकाचं दुकान नक्कीच नसतं. (क्वेली या शब्दाचा स्वाहिलीत अर्थ 'सत्य', आणि तालिब म्हणजे विद्यार्थी. आईवडिलांनी अपेक्षा जरा जास्तच ठेवलेल्या दिसतात.)

आता नावाची गंमत. ब्लॅक स्टार हे नाव आलंय एका जहाज कंपनीवरून. मार्कस गार्वी हा मूळचा जमैकाचा माणूस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आला आणि १९१९ साली त्याने 'ब्लॅक स्टार लाइन' काढली. मालक काळे, कप्तान काळा, प्रवासी काळे. शेअर पाच डॉलरला एक, तोही फक्त कृष्णवर्णीयांना. धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, रेल्वेतले नोकर, सगळ्यांनी साठवलेले पैसे काढून शेअर घेतले. पण जहाजं मिळाली ती जुनी आणि खिळखिळी, तीही भरमसाट किमतीला. कारभार ढिसाळ, आत सरकारी हेर घुसलेले. १९२२ मध्ये कंपनी बसली. टपालातून फसवणूक केल्याच्या आरोपावरून १९२३ मध्ये गार्वी दोषी ठरला, तुरुंगात गेला आणि १९२७ मध्ये त्याला अमेरिकेतून बाहेर काढण्यात आलं. (जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी पद सोडता सोडता त्याला मरणोत्तर माफी दिली. शंभर वर्षांनी!)

हे वाचताना १९१९ या आकड्यापाशी मी थबकलो. कारण त्याच वर्षी, ५ एप्रिलला, 'लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांची कंपनी. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे तो त्यामुळेच. जगाच्या दोन टोकांना, एकाच वर्षी, दोन दबलेल्या समाजांना 'आपलं जहाज हवं' असं वाटलं. सिंधियाने ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेयुद्धाला तोंड देत तग धरला, कारण मागे व्यापारी भांडवल होतं. गार्वीच्या मागे होत्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पाच-पाच डॉलरच्या नोटा. तरी बुडालेल्या कंपनीचा तारा काही बुडाला नाही. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या झेंड्यावर मधोमध काळा तारा आला, तो इथूनच. आणि १९९८ मध्ये तो या अल्बमवर आला. फसलेल्या प्रयोगाचं नाव अभिमानाने लावायचं, याला जिगर लागते. आपण तर फसलेल्या प्रोजेक्टचं नाव रेझ्युमेमधूनही काढून टाकतो.

असो. गाण्यांकडे वळू.

दोघंही बोलतात जाम वेगात. मॉस डेफ बोलता बोलता गुणगुणायला लागतो, क्वेली श्वास न घेता एका ओळीत तीन ओळींचा मजकूर कोंबतो. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने वाक्य उचलायचं. मला सारखी आठवण येत होती ती आपल्या शाहिरांची. पोवाड्यात शाहीर कथा ओढत नेतो आणि मागे झीलकरी 'जी जी जी' करत त्याला उसंतही देतात आणि जोरही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा त्यांचंही गणित असंच होतं. लोक जमतील असा ठेका द्यायचा आणि जमलेल्या लोकांना जे बोलायचंय ते सांगायचं. ठेका हे निमंत्रण, मजकूर हे जेवण. नुसतं निमंत्रण देऊन लोकांना उपाशी परत पाठवणारी गाणी तुम्हाला-मला भरपूर माहीत आहेत.

आमच्या धंद्यातल्या माणसाला या अल्बममध्ये आणखी एक गोष्ट आवडेल. हिप-हॉप म्हणजे आधीचं घेऊन त्यावर नवं बांधणं. आपण लायब्ररी वापरतो तसंच. 'डेफिनिशन' या गाण्याचं धृपद घडलंय बूगी डाउन प्रॉडक्शन्सच्या १९८८ च्या 'स्टॉप द व्हायोलन्स'वरून. त्या ग्रुपचा डीजे स्कॉट ला रॉक १९८७ मध्ये ब्रॉन्क्समध्ये गोळी लागून मेला होता. दहा वर्षांनी तुपाक आणि बिगी गेल्यावर या दोघांनी मुद्दाम तेच धृपद पुन्हा उचललं. म्हणजे ही उसनवारी नाही, आठवण करून देणं आहे. हा बग जुनाच आहे, दहा वर्षं उघडाच आहे, असं सांगणं. आणि उलट, 'चिल्ड्रन्स स्टोरी'मध्ये मॉस डेफ स्लिक रिकच्या जुन्या गाण्याचा साचा घेतो आणि त्यातल्या चोर पोराच्या जागी दुसऱ्यांच्या हिट चाली ढापणारा पोरगा बसवतो. कॉपी-पेस्ट आणि परंपरा यांतला फरक एका अल्बममध्ये दोन बाजूंनी! परंपरेत तुम्ही कुणाकडून घेतलंत ते ऐकणाऱ्याला कळावं अशी तुमची इच्छा असते. चोरीत ते कळू नये अशी असते.

'रेस्पिरेशन' हे गाणं रात्री ऐका. सुरुवातीला 'स्टाइल वॉर्स' या १९८३ च्या माहितीपटातला तुकडा आहे. मग हाय-टेकचा तो संथ, ओलसर बीट, आणि दोघांबरोबर शिकागोचा कॉमन. शहर एखाद्या जनावरासारखं श्वास घेतंय, अशी कल्पना. नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ चं. त्यातली मुंबई अशीच जिवंत आणि भयानक आहे. हा संबंध मी ओढूनताणून आणत नाहीये. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि त्याच्याही ९९ वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून! म्हणजे आपल्याकडून त्या बाजूला जाणारा रस्ता जुना आहे, आपण फक्त हायवेने जात असल्यामुळे तो दिसत नाही.

आता ज्या गाण्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते गाणं. 'थीव्ज इन द नाइट'. हे उभं आहे टोनी मॉरिसनच्या १९७० च्या 'द ब्लूएस्ट आय' या पहिल्या कादंबरीवर. पेकोला नावाची एक काळी मुलगी, तिला निळे डोळे हवे असतात, कारण निळे डोळे असले की लोक आपल्याशी बरे वागतील असं तिला वाटतं. शेवटी तिचं जे होतं ते होतं. पण मॉरिसन खरी पकडते ती आजूबाजूच्या लोकांना. तिच्या कुरूपतेशेजारी उभं राहून त्यांना आपण सुंदर वाटायला लागतो. आणि सभ्य वागणं म्हणजेच चांगलं असणं, असा त्यांनी स्वतःचा समज करून घेतलेला असतो. मॉस डेफ आणि क्वेली हाच धागा घेऊन आपल्याच लोकांना विचारतात, की बाबांनो, आपण मोकळे आहोत, की आपल्याला फक्त सूट दिली आहे?

मी हे ऐकत होतो त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची नोटीस आली. कामाला येणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले आणि ड्रायव्हर यांनी यापुढे मागची सर्व्हिस लिफ्टच वापरावी, असा ठराव येत्या मीटिंगमध्ये मांडायचा आहे. भाषा बघण्यासारखी आहे. 'सर्वांच्या सोयीसाठी', 'स्वच्छतेच्या दृष्टीने', 'कृपया सहकार्य करावे'. एकही वाईट शब्द नाही. नोटीस लिहिणारे काका माझ्या आईला हात जोडून नमस्कार करतात, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या पुढे असतात, दिवाळीत वॉचमनला मिठाईचा बॉक्स देतात. वाईट माणूस अजिबात नाही. सभ्य माणूस. आणि त्या सभ्यतेच्या आतून हे इतकं अलगद बाहेर येतं, की ग्रुपवर पंधरा अंगठे पडलेसुद्धा.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी नोटिशीबद्दल सांगितलं. त्या पोळ्या लाटत म्हणाल्या, "दादा, मागची लिफ्ट निम्म्या वेळेला बंदच असते. अकरा मजले चढायचे का मग?" बस. त्यांनी अपमानाची भाषा काढलीच नाही, गुडघ्यांची काढली. त्यांच्या हातच्या पोळ्या आम्ही खातो, पण त्यांच्या शेजारी ४० सेकंद उभं राहायचं नाही. यात स्वच्छता कुठे बसते ते मला कुणीतरी फ्लोचार्ट काढून समजावावं.

आता तुम्ही म्हणाल, एक अमेरिकन रॅप अल्बम ऐकून कुठे क्रांती होते का? नाही होत. या अल्बमचीच गोष्ट बघा. तो काढणारी रॉकस ही 'अंडरग्राउंड' कंपनी उभी राहिली जेम्स मर्डॉकच्या पैशावर. होय, रूपर्ट मर्डॉकचा मुलगा. आणि ज्या दिवशी, २९ सप्टेंबर १९९८ ला, हा अल्बम आला, त्याच दिवशी जे-झीचाही 'हार्ड नॉक लाइफ' आला, आणि खपाच्या शर्यतीत कोण कुठे गेलं ते सांगायला नको. या दोघांचा पुढचा अल्बम यायला २०२२ उजाडलं, म्हणजे तब्बल २४ वर्षं! तोपर्यंत मॉस डेफचा यासीन बे झाला होता. आणि तो 'नो फिअर ऑफ टाइम' आला तोही एका पैसे भरून ऐकायच्या पॉडकास्टच्या प्लॅटफॉर्मवर. शुद्ध, निर्मळ, बाजाराबाहेरचं असं इथे काहीच नाही. गार्वीची जहाजंही गळकीच होती.

पण गळक्या जहाजाची बातमी घानाच्या झेंड्यापर्यंत पोचली ना? आपल्याकडे २०१९ मध्ये 'स्वदेसी' या मुंबईच्या ग्रुपने आरेच्या आदिवासी पाड्यातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं, तेव्हा त्या दोन ब्रुकलिनकरांना त्याची खबरही नसेल. तरी ठेका देऊन माणसं गोळा करायची आणि मग त्यांना मुद्द्याचं सांगायचं, ही पद्धत तीच. गाणं फार तर एवढंच करतं, की जे आपण ऐकू न आल्यासारखं करतो ते कानात बसवतं. पुढचं काम गाण्याचं नाही.

मीटिंग पुढच्या रविवारी सकाळी दहाला आहे. मी सेक्रेटरींना लेखी हरकत पाठवली आहे, दोन ओळींची. ठराव पास झाल्यास मी आणि माझ्या घरचे सगळे मागचीच लिफ्ट वापरू, असंही त्यात लिहिलंय. बायको म्हणाली, "मग ती लिफ्ट आधी दुरुस्त करून घे." मुद्दा बरोबर आहे. अजेंड्यावर तोही टाकायला सांगितलाय. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांनी बरोबर यायचं कबूल केलंय, तिसरे 'बघू' म्हणालेत. पंधरा अंगठ्यांसमोर सध्या आम्ही तीन घरं आहोत, चौथं धरलं तर साडेतीन.