बेलाच्या पानातलं एजेलिन

पानातून एखादं संयुग वेगळं काढायचं, तर निम्मं भांडण हरितद्रव्याशीच असतं. पीएच.डी.साठी एजेलिन हे अल्कलॉइड काढायला मी बेलाची पानं घेतली, तेव्हा हे कळायला वेळ लागला नाही. गावातलं शेंबडं पोरही बेल ओळखतं, पण शोधनिबंधाला हर्बेरियमचा क्रमांक लागतो. म्हणून आधी फळाची फांदी दाबून वाळवली आणि पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्रातून ओळख पटवून आणली.

पानं सावलीत वाळवून भरड केली. सॉक्सलेटमध्ये आधी पेट्रोलियम इथर, म्हणजे मेण निघून जातं, आणि मग मिथेनॉल. मिथेनॉल उडवल्यावर तळाशी काकवीसारखा चिकट, काळपट हिरवा अर्क उरला. अल्कलॉइड हवं तर आम्लाने ओढ, असं एका मैत्रिणीने सुचवलं. एरवी ते बरोबर. पण एजेलिन अमाइड आहे. त्याच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये गुंतलेली, त्यामुळे ते आम्लाला दाद देत नाही. तेव्हा सिलिका जेलचा कॉलम, दुसरा इलाज नाही.

कॉलम कोरडा पडला की सिलिकेला भेगा जातात, म्हणून जेवायलासुद्धा पाळीपाळीने जायचं. हेक्झेनमध्ये इथाइल ॲसिटेट वाढवत नेलं की आधी पिवळा पट्टा उतरतो, मग हिरवा. आणि हा हिरवा शेपूट लांबवत राहतो. कोळशाने रंग जातो खरा, पण कोळसा रंगाबरोबर आपलं संयुगही गिळतो, म्हणून त्याच्या वाटेला गेले नाही. प्रत्येक नळीतला थेंब टीएलसी प्लेटवर टेकवायचा आणि 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली बघायचा. सारख्या डागांच्या नळ्या एकत्र केल्या, स्फटिक पाडले, तेव्हा कुठे चिमूटभर पांढरी पूड हाती आली.

ती कसली, हे वर्णपटांनी सांगितलं. रेणूचं वस्तुमान 297. पाणी गळून 279. आणि 131 वर सिनॅमॉइलचा तुकडा. एनएमआरमध्ये 3.8 जवळ मेथॉक्सी, तर 6.4 आणि 7.6 जवळ दोन डबलेट. दोन्हींतल्या रेघांमधलं अंतर सारखंच, जवळपास 16 हर्ट्‌झ. म्हणजे हे दोन हायड्रोजन शेजारी, पण दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना. असिमा चॅटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एजेलिनच्या रचनेवरचा निबंध 1959 मध्ये छापला, तेव्हा भारतात एनएमआर सहजी मिळत नव्हतं. मी तो निबंध शेजारी ठेवून माझ्या रेघा जुळवत होते आणि थोडी ओशाळत होते.

“मग आता याच्या गोळ्या करशील?” काकांनी विचारलं. त्यांना हवाई बेटांची गोष्ट सांगितली. 2013 मध्ये तिथे वजन उतरवायचं एक पूरक घेणाऱ्या अनेकांच्या यकृताला इजा झाली. त्यात एजेलिन होतं, कारखान्यात बनवलेलं. ती इजा एजेलिननेच केली असं म्हणता येत नाही, पण बेल देवाला चालतो म्हणून त्यातलं एक संयुग पोटाला चालेल, हा हिशेबही लागत नाही.

काका गप्प झाले. प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक मॅडमचं लक्ष तोवर पुढच्या नळ्यांकडे गेलं होतं: 365 च्या दिव्याखाली त्यांतला एक डाग निळा चमकत होता. “स्किमिॲनिन असेल. उद्या नवा कॉलम भर.”